निःशेष भाग

"घुगऱ्या वाटू नका अजून," शर्वाणीची नणंद म्हणाली.

हल्ली बारशाला नाव ठेवण्याआधी आत्या बाळाचा आकडा भागून दाखवते. रक्ताच्या थेंबावरून यंत्र बाळाची अख्खी जडणघडण एका पूर्णांकात मांडतं. तो इतका लांब असतो, की वाचायला बसलेला माणूस वाचता वाचता म्हातारा व्हावा. वाचत कुणीच नाही. आईच्या आणि बापाच्या आकड्याने त्याला निःशेष भाग गेला, की पेढे तोंडात.

"दादाच्या आकड्याने भाग जात नाही," नणंद हळूच म्हणाली.

बायकांनी शर्वाणीकडे पाहिलं नाही, म्हणजे चांगलं निरखून पाहिलं.

"मला डोहाळजेवणालाच शंका आली होती," सासूबाई म्हणाल्या. "आता हिच्या आकड्याने भाग. भागाकार येईल तो बाप."

नणंदेने भागून पाहिलं. मग पुन्हा भागून पाहिलं.

"वहिनी, तुझ्याही आकड्याने जात नाही गं."

मग कुणाच्या जातो, असं तिने यंत्राला विचारलं. यंत्र म्हणालं, एकाने, नाहीतर स्वतःनेच. मूळ संख्या आहे.

"मीच जन्म दिलाय हिला," शर्वाणी म्हणाली. "तुम्ही सगळ्या दाराबाहेर तर होतात."

ते कुणीच नाकारलं नाही. उलट सासूबाई पाळण्यापासून दूर सरकून लग्नानंतर पहिल्यांदाच तिला चिकटून बसल्या.

शर्वाणीने पाळण्याकडे हात पुढे केले. जन्मल्यापासून एकदाही न रडलेली ती मुलगी एकेकीचा चेहरा सावकाश न्याहाळत होती. आपल्याला आई हवी का, आणि हवीच तर यांतली कोणती, हे ठरवायची तिला काही घाई दिसत नव्हती.