हाकेला ओ

पलंगाला खिळलेल्या आजोबांसाठी शाळकरी नातीने एकटीने छोटासा सर्व्हर उभा केला. आजोबांनी एआय सहायकाला नुसतं "मुलाला बोलाव" म्हणायचं; सहायक ते सर्व्हरला कळवणार आणि सर्व्हर तिच्या बाबांचा मोबाइल वाजवणार. पोरगी स्वतःवरच जाम खूश होती.

पहिल्याच दिवशी बाबा मीटिंग सोडून धापा टाकत घरी आले.

"काय झालं, अण्णा?"

"काही नाही रे. तुला बघावंसं वाटलं."

खोलीबाहेर येऊन बाबांनी लेकीची पाठ थोपटली. "झकास जमलंय गं! फक्त माझा फोन वाजतो ना, तेवढं काढून टाक. त्यांना नुसतं सांगायचं, मी निघालोय म्हणून."

लेकीचे डोळे चमकले. "सोप्पंय! बाबा, तुमच्याच आवाजात 'आलोच हं, अण्णा' म्हणायला लावू?"