अकराच्या आधीची चक्कर

“आधी जरा फिरू की, आत्या,” येडशीच्या घाटात रिक्षातून उतरताच प्रतीक्षा म्हणाली. “अकराला पोचायचंय. आत्ता कुठं नऊ वाजलेत.”

“फिरू. पर माझे गुडघे ध्यानात ठेव,” लक्ष्मीबाई म्हणाल्या.

सासूला ती आत्याच म्हणायची. कपड्यांची पिशवी तिनं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि दोघी रामलिंगाच्या वाटेनं हळूहळू चालू लागल्या. रविवार होता. घाटात धाराशिव-बार्शीकडच्या गाड्यांची रांग लागली होती. बाया टोपल्यांत सीताफळं मांडून बसल्या होत्या, कठड्यावर पोरं-पोरी फोटो काढत होती आणि वानरं त्यांच्या पिशव्यांवर डोळा ठेवून होती.

प्रतीक्षाचं यात लक्ष नव्हतं. महिनाभर तिला धड झोप नव्हती. पहाटे परंड्यात घराला कुलूप लावताना हात असा जड झाला की किल्ली फिरेना. शेवटी आत्यांनीच ती फिरवली.

“गोळ्यांचा कागद जपून ठेवलाय ना? पांढरी सकाळी, गुलाबी जेवल्यावर.”

“पाठ झालंय माझं. किती येळा सांगशील?”

प्रतीक्षाचा नवरा रणधीर जाऊन चार वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या घरात या दोघीच. एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं भाजायची. त्याच्या आठवणीनं एक रडायला लागली की दुसरी गप राहायची. दोघी एकदम कधी रडल्या नाहीत. आणि आता हे. भावकीत लई बोललं गेलं. चुलतसासऱ्यांनी तर उंबऱ्यात उभं राहून विचारलं होतं, लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून. आज सोबत कुणीच आलं नव्हतं.

दरीच्या कडेला चहाच्या टपरीवर दोघी टेकल्या.

“येडशीत पाण्याचं कसं हाय, दादा?” लक्ष्मीबाईंनी चहावाल्याला विचारलं. “उन्हाळ्यात मिळतं का?”

“मिळतं की. दिवसाआड येतं नळाला.”

“आन् दवाखाना? लांब हाय?”

“स्टँडजवळच हाय. राहायला येताय का, आजी?”

“आमच्यातलं एक माणूस येतंय,” लक्ष्मीबाई म्हणाल्या आणि बशीतला चहा फुंकू लागल्या.

प्रतीक्षानं मान फिरवली. चहा तिनं तसाच खाली ठेवला.

“अजून माघारी जाता येईल, आत्या.”

“म्याच ठरवलंय न्हवं हे? तू का कुढत बसायलीस? माणसं चांगली हायती. म्या दोनदा येऊन बघून गेले. खोल्या बघितल्या, सैपाकघर बघितलं.”

“पण असं टाकून...”

“कोण कुणाला टाकायलंय? चार दिवस घर खायला उठंल. मग सवय व्हती.”

“मी दर रविवारी येईन.”

“नको. महिन्यानं ये. फोन मातर कर.”

रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून लक्ष्मीबाईंनी पुढच्या दुकानात पावशेर पेढे घेतले. मंदिर खाली दरीत. तेवढ्या पायऱ्या उतरणं त्यांना जमणार नव्हतं. त्यांनी वरूनच हात जोडले. नव्या लग्नाच्या दिवसांत रणधीर दोघींना इथं घेऊन आला होता, तेव्हा त्याच पायऱ्या आत्या सगळ्यांच्या पुढं उतरल्या होत्या. ते दोघींनाही आठवलं.

पावणेअकराला प्रतीक्षा म्हणाली, “त्या वळणापर्यंत जाऊन येऊ.”

“बास झालं. किती टाळशील?” लक्ष्मीबाईंनी तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि गुडघा दाबत त्या पुढं झाल्या.

चढावर झाडांमागं एक बसकी इमारत होती. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सात-आठ म्हातारी माणसं नुसती बसून होती. फाटक करकरलं तशा सगळ्यांच्या माना वळल्या.

प्रतीक्षाचे पाय तिथंच थांबले. आत्यांनी तिचं मनगट धरलं.

“या, या,” म्हणत एक गृहस्थ उपरणं सावरत पायऱ्या उतरून आले. त्यांनी दोघींच्या मागं पार फाटकापर्यंत नजर टाकली. मागं कुणीच नव्हतं.

“मुहूर्ताला पाऊण तास हाय अजून. मुलाकडचे आम्ही एवढेच,” ते म्हणाले. “मुलीकडून कन्यादानाला कोण बसणार?”

“म्या,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “तिची सासू.”