परत करण्याचं कारण

पट्टेवाल्या माशाची पिशवी गोपीनाथांनी मफलरमध्ये गुंडाळून मांडीवर धरली होती. ऑकलंडची जूनची थंडी होती आणि या माशाला कोमट पाणी लागतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. गाडी चालवणाऱ्या त्यांच्या मुलाला, मकरंदला, तो लवकरात लवकर दुकानात परत करायचा होता.

"ममताच्या एंजलफिशचे पर कुरतडले यानं," मकरंद म्हणाला. "किती दिवस बघायचं? आणि हो बाबा, तुमचं पुण्याचं तिकीट मी नोव्हेंबरवरून पुढच्या गुरुवारचं करून घेतलंय. तिकडे तुम्हाला जास्त बरं वाटेल."

दोन्ही बातम्या त्याने एकाच दमात, एकाच सुरात दिल्या. गोपीनाथांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पिशवी हलू द्यायची नव्हती, म्हणून त्यांनी मफलर तेवढा घट्ट केला.

तिकीट का बदललं, ते त्यांना न विचारता कळलं होतं. शनिवारी जेवायला आलेल्या मकरंदच्या मित्राने, रमणने, विचारलं, "काका, कसं वाटतंय न्यूझीलंड?" तेव्हा ते म्हणाले होते, "कैद्याला विचारतात तसं विचारू नका. जेवण उत्तम आहे." सून, ममता, ताटावरून उठून गेली होती. मुलगा आणि सून सकाळी साडेसातला बाहेर पडतात आणि सहाला उगवतात, मधले साडेदहा तास म्हातारा माशांच्या टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो, हे रमणला कोणी सांगितलं नव्हतं.

माउंट वेलिंग्टन भागातल्या त्या दुकानात शॅरन नावाच्या बाईने पिशवी उजेडात धरून पाहिली. "टाकीत आणखी कोण कोण आहे?" तिने इंग्रजीत विचारलं.

मकरंदने यादी सांगितली. एकूण नऊ मासे, नऊ जातींचे. पुण्याच्या वास्तुवाल्याने ममताला फोनवर नऊ मासे ठेवायला सांगितले होते, त्यातला एक काळा. कोणाचं कोणाशी जमतं ते त्या महाराजांनी सांगितलं नाही आणि घरातल्या दोन इंजिनियरांनी विचारलं नाही. साड्यांच्या दुकानात रंग निवडावेत तसे त्यांनी प्रत्येकी एक उचलून आणले होते.

"म्हणजे याच्या जातीचा एकच?" शॅरनने विचारलं.

"एकच. आणि त्रास तोच देतो. बाकीचे आठ मजेत आहेत."

"हा कळपात राहणारा मासा. सहा-सात तरी लागतात. मग यांची भांडणं यांच्यातच होतात. एकटा ठेवलात तर दिसेल त्याला चावत सुटतो." तिने पिशवी खाली घेतली. "तरी एंजलबरोबर नकोच. दोघांपैकी एक निवडा."

"एंजल राहू दे," मकरंद लगेच म्हणाला. "बायकोचा लाडका आहे."

नावडतीचं मीठ अळणी. ते समुद्र ओलांडून आलं तरी अळणीच.

शॅरनने पिशवी पट्टेवाल्यांच्या टाकीत थोडा वेळ तरंगत ठेवली आणि मग जाळीने माशाला आत सोडलं. तो काचेला चिकटून उभा राहिला. कळप एकदा त्याच्या अंगावरून गेला, वळून पुन्हा आला, आणि दुसऱ्या वेळी जाताना त्याला घेऊन गेला. गोपीनाथ चष्मा पुसून पुसून शोधत राहिले, पण आपला कोणता ते काही ओळखू येईना.

"बघितलंत बाबा?" मकरंद मनापासून खूश झाला होता. "आपल्या लोकांत गेल्यावर कसा पटकन सेटल झाला. तुमचंही तसंच होईल. पुण्यात तुमची माणसं आहेत."

"कोण?"

"म्हणजे?"

"माणसं आहेत म्हणालास ना. एकाचं नाव सांग."

मकरंदने गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "चंद्रहासकाका आहेत की."

"चंद्रहास गेला. मागच्या श्रावणात. मी फोन केला होता तुला. तू अरेरे म्हणालास, आणि लगेच म्हणालास, बाबा, एक मिनिट होल्ड करा हं. मी होल्ड केला. फोन बंद पडेपर्यंत केला." गोपीनाथांचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची त्यांना मुळीच इच्छा नव्हती. "तुझी आई जाऊन चार वर्षं झाली, ते तरी लक्षात आहे ना? का तिचंही नाव घेतोस आता?"

"बाबा, प्लीज. इथे नको. आपण घरी बोलू."

"घरी कोण बोलतं?"

शॅरनला मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. तिने मान खाली घातली, परत आलेल्या माशांची वही पुढे ओढली, तारीख टाकली, माशाची जात लिहिली. कारणाच्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला: भांडखोर.

गोपीनाथांनी वाकून तो वाचला. मग हात पुढे करून पेन मागितलं. बत्तीस वर्षं सरकारी कागदांवर शेरे मारलेला हात होता. त्यांनी तो शब्द एका सरळ रेषेने खोडला आणि वरच्या जागेत ठसठशीत इंग्रजी अक्षरांत लिहिलं: एकटा ठेवला होता.

शॅरनने ते वाचलं, मान हलवली आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

गोपीनाथांनी पेन मुलापुढे धरलं.

"सही तू कर," ते म्हणाले. "आणलंस तू."