यकृतावरचा पहारा

सकाळचे फिकट ऊन खिडकीच्या गजांतून उतरले, ओल्या काचपट्ट्यांवरून रेंगाळत सूक्ष्मदर्शकाच्या कडेवर येऊन थबकले, तरी तरुण संशोधकाने मान वर केली नाही. भिंगाखाली त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा होता आणि केवळ आतड्याच्या पेशींवर चढणारा तपकिरी रंग त्यात जागोजागी उमटला होता. “ताई, रंग बिघडलाय. पुन्हा रंगवतो.” “तिसऱ्यांदा? अरे, काच आहे ती, भिंत नव्हे,” प्रयोगशाळाप्रमुख म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. आतड्यातली कर्करोगाची गाठ पसरण्याआधी रक्तातून यकृताला निरोप धाडते आणि यकृताच्या पहारेकरी पेशीच फितूर होऊन तिच्यासाठी अंथरूण घालतात, हे त्यानेच प्रबंधात मांडले होते. वडिलांना मात्र तो म्हणाला होता, “बाबा, गाठ आतड्यातच राहील. यकृतावर पहारा आहे.” तेच पहारेकरी आता तपकिरी पेशींना बिलगून बसले होते. रंग पहिल्या वेळीही बरोबरच चढला होता.