दगडूची पहिली रजा

दगडूने पॉवर सप्लाय तळहातावर ठेवला, दोनदा वरखाली तोलला आणि काउंटरवर परत सरकवला.

"हलका आहे," तो म्हणाला.

दुकानदार उदयसिंहाने त्याला समजावलं की कॉम्प्युटरचे पार्ट कांदे-बटाट्यासारखे वजनावर घेत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मुलीने, संबोधीने मान खाली घातली. तिला हीच धास्ती होती. राजवाड्यामागच्या गल्लीतलं हे दुकान तिने महिनाभर हेरून ठेवलं होतं. शिकवण्यांच्या पैशांत बसेल, पण मोटारींच्या शर्यतीचा गेम न अडखळता चालवेल, असा कॉम्प्युटर जुळवायचा होता. पार्टांची यादी तिने चारदा खोडून लिहिली होती. चित्र पळवणारं ग्राफिक्स कार्ड चांगल्यातलं, बाकी सगळं स्वस्तातलं. बाबा फक्त ओझं उचलायला आले होते, आणि तेही तीनला शिफ्ट सुटल्यावर.

ही शिफ्ट म्हणजे एक प्रकरणच होतं. दगडू मिलमध्ये फिटर होता. मिल बंद होऊन आठ वर्षं झाली होती. भोंगा थांबला, चिमणीवर पिंपळ उगवला. पण गेटवरच्या नोटिशीत 'पुढील आदेशापर्यंत बंद' असं लिहिलं होतं आणि पुढचा आदेश काही आला नव्हता. म्हणून दगडू रोज सकाळी सातला डबा घेऊन गेटवर जायचा, कडुनिंबाखालच्या दगडावर बसायचा आणि तीनला घरी यायचा. बर्फाच्या कारखान्यातलं काम त्याने नाकारलं, सियागंजातल्या गोदामातलंही नाकारलं. मिलचा कायदा त्याला तोंडपाठ होता. गेटवर माणूस दिसला नाही, की त्याची जागा बदली कामगाराला मिळते. बदली म्हणजे, कुणी गैरहजर राहतंय का याची गेटबाहेर वाट बघणारा. असा एक शाम नावाचा बदली अजूनही रोज समोरच्या पानटपरीपाशी उभा असायचा. बंद मिलसमोर काय उभा राहतो, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं, असं दगडू घरी सांगायचा. त्याची बायको गिरिजा ब्लाउज शिवून घर चालवायची आणि ऐकून घ्यायची.

तर, दगडूने आता खिशातून स्क्रू पिळायचा आपला पेचकस काढला. प्रोसेसर थंड ठेवणारे पंखे कसे आहेत ते दाखवा, म्हणाला. उदयसिंहाला गंमत वाटली. त्याने पाच पंखे ओळीने मांडले आणि एकेक चालू केला. दगडू प्रत्येकाच्या कडेला पेचकसाचं टोक लावायचा, मूठ कानाला धरायचा आणि डोळे मिटायचा. दुकानातली चार गिऱ्हाइकं आपली खरेदी सोडून बघत राहिली. संबोधीला तिथल्या तिथे गडप व्हावंसं वाटलं.

चौथ्या पंख्यावर दगडूने डोळे उघडले.

"याची बेअरिंग गेलेली आहे, भिया."

उदयसिंहाचं हसू मावळलं. कालच एका गिऱ्हाइकाने खडखडतो म्हणून परत आणलेला पंखा त्याने मुद्दाम मधे सरकवला होता. म्हाताऱ्याची फिरकी घ्यायची म्हणून.

मग मात्र दगडूने यादीच हातात घेतली. पॉवर सप्लाय वजनदार पाहिजे, तिथे कंजुसी नाही. कॅबिनेट एका बाजूने चेपलेलं चालेल, डबा चेपला म्हणून भाकरी काही कडू होत नाही. स्पीकर रद्द, गाडीचा आवाज पोरीने तोंडाने काढावा. ग्राफिक्स कार्ड त्याने नुसतं हुंगलं. जळका वास नव्हता, म्हणून पास केलं. हिशेब संबोधीच्या पैशांत बसला. पार्ट जोडून झाले, गेम लागला, लाल गाडी पडद्यावरून सुसाट निघाली. दगडूने चेपलेल्या कॅबिनेटला पेचकस लावून ऐकलं आणि मान डोलावली. संबोधीला आपल्या बापाचा एकदम फार अभिमान वाटला.

उदयसिंहाने स्वतः खुर्ची आणून दिली.

"बाबूजी, कल से आ जाओ. दिल्लीहून माल येतो, नया कौन सा और लौटाया हुआ कौन सा, मुझे भी पता नहीं चलता. तुम्ही पास करायचा, पगार मी देईन."

आठ वर्षांत दगडूच्या हातातलं कसब ओळखून त्याला कुणी बोलावलं नव्हतं. पेचकस त्याने दोनदा पुसला. पण हलक्या आवाजात म्हणाला ते एवढंच, की त्याची नोकरी चालू आहे.

संबोधीला रडू आलं आणि रागही. नोकरी नाहीये, हे घरात कुणी त्याला आजवर तोंडावर सांगितलं नव्हतं. तिलाही ते धाडस झालं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "मग रजा टाका ना. तीस वर्षांत एकदा तरी घेतली का तुम्ही?"

दगडू विचारात पडला. कायद्यात बसत होतं, रजेवरच्या माणसाची जागा कायम राहते. रजा साचलेलीही बरीच असणार.

अर्ज संबोधीने लिहिला, दगडूने खाली सही केली. दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला त्याने तो गेटच्या गजांतून चौकीदाराला दिला. चौकीदाराने अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. काय करायचं याचा त्याला काहीच आदेश नव्हता, म्हणून त्याने तो खिशात ठेवला. झाली रजा मंजूर. दगडूला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं आणि तो राजवाड्याच्या वाटेला लागला.

तेवढ्यात शामने रस्ता ओलांडला. आठ वर्षांत पहिल्यांदाच. त्याचे केस आता पार पिकले होते, पण शर्ट इस्त्रीचा होता. कडुनिंबाखालचा दगड त्याने रुमालाने पुसला, त्यावर ताठ बसला आणि डबा मांडीवर घेतला. मग मागून दगडूला हाक मारून त्याने जरा भीतभीतच विचारलं,

"भिया, छुट्टी लंबी घेतली ना?"