गल्लीतला पहिला नंबर

"बाबा, आपली गाडी रोज चार्ज होते, मग ती जाते कुठे?"

विचारून दाखवच, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. तिने विचारलं. एका दमात, आणि वर हसूनही दाखवलं.

बाबांनी चार्जरची पिन गाडीत खटकन बसवली. "कुठे जायला नाही ठेवली ती. लाइट गेली की दादाचं श्वासाचं मशीन तिच्यावर चालतं. हे काय तुला नव्याने सांगायचं?"

गल्लीत दारोदार विजेच्या गाड्या आल्या आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर लागोपाठ दोनदा जळला. तेव्हापासून गाड्या नंबराने चार्ज व्हायच्या. पहिला नंबर हिच्या घराचा. घरात आजारी माणूस, म्हणून सगळ्यांनी आपणहून दिलेला. शेवटचा, समोरच्या टॅक्सीवाल्या मावशींचा. गल्लीत त्या सगळ्यात नव्या. त्यांचा नंबर येईपर्यंत बहुतेकदा लाइटच जायची. मग इकडे मशीन आणि खोलीतला एसी रात्रभर यांच्या गाडीची बॅटरी पिऊन टाकायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिला नंबर.

"चार्जिंग संपलं म्हणून मावशी आज पुन्हा गिऱ्हाईक अर्ध्यात सोडून परत आल्या," ती म्हणाली. "टॅक्सी विकतायत त्या."

"तक्रार केली त्यांनी?"

"नाही ना! कोणी काही बोलतच नाही, तोच तर वैताग आहे. मला बघितलं की अख्ख्या गल्लीची तोंडं बंद."

"हळू बोल गं," आई म्हणाली. ती मास्क धुऊन दोरीवर वाळत घालत होती. "आत्ता कुठे डोळा लागलाय त्याचा."

दादाच्या खोलीतून मशीनचा आवाज येत होता. फुस्स, टक. फुस्स, टक.

ती आईकडे बघत राहिली. मग तरातरा खोलीत गेली.

फुस्स.

टक आलंच नाही.

आईने किंकाळी फोडली. बाबा चपलांसकट आत धावले. "अगं, काय केलंस हे! चालू कर! आधी चालू कर ते!"

मशीनची वायर तिने मुठीत घट्ट धरली होती. हसू केव्हाच पळालं होतं.

"नाही करणार. आजपासून आपला पहिला नंबर मावशींचा. दादा गेला तेव्हा त्यांच्याच टॅक्सीतून नेलं ना त्याला आपण? वर्ष झालं, आई. या रिकाम्या पलंगावर आता मी झोपणार."