उतरणीची वाट

"ही वाट," नकाशेबाई म्हणाली आणि टेबलावर पसरलेल्या तीन नकाशांपैकी तिसऱ्यावर तिने बोट टेकवलं. "चढ सोपा, अर्ध्यावर झरा, कुठे शिडी नाही. तुमच्या कुत्र्यांना आरामात झेपेल."

डॉक्टरीण वाकून बघायला लागली आणि तिचा चेहरा उतरला. "हा डोंगर?"

"का? नको?"

डॉक्टरणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीवर बसून ढोल्याच्या पंजातलं कुसळ काढत होता. भिंगरी, त्यांची धाकटी कुत्री, टेबलाखाली नकाशेबाईच्या चपलेशी झोंबत होती.

"तू म्हणशील तसं," डॉक्टरीण शेवटी म्हणाली.

नकाशेबाईला नेमकं हेच हवं होतं.

दोघी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. एक दातांची डॉक्टर झाली, दुसरी भूमापन खात्यात नकाशे काढायला लागली आणि तेच तिचं नाव पडलं. सात वर्षांपूर्वी डॉक्टरीण नकाशेबाईच्या धाकट्या भावाबरोबर याच डोंगरावर गेली होती. माथ्याजवळ त्याचा पाय मोडला. त्याला खडकाच्या आडोशाला निजवून, आपला कोट त्याच्या अंगावर घालून ती मदत आणायला खाली उतरली. नकाशात दोन तासांची जवळची वाट होती. तिला पाच तास लागले. माणसं वर पोचली तोवर थंडीने भाऊ गेला होता.

"वाट चुकले," एवढंच तिने चौकशीत सांगितलं.

नकाशा हातात असताना वाट चुकतेच कशी? घाबरून कुठेतरी बसून राहिली असणार, नाहीतर दुसऱ्याच कुठल्या आडोशाला जीव वाचवत थांबली असणार. नकाशेबाईने सात वर्षं हेच घोकलं. मैत्री मात्र तोडली नाही. वाढदिवसाला फोन केले, गोड बोलली, घरी या म्हणाली. आता दोघं नवरा-बायको चार दिवसांसाठी आली होती, कुत्र्यांसकट. उद्या ती मैत्रिणीला तीच उतरण उतरायला लावणार होती. खाली पोचल्यावर तिच्या नवऱ्यासमोर घड्याळ तिच्या नाकाशी धरणार होती. आता बोल म्हणावं.

सकाळी चढ सुरू झाला. नकाशेबाई स्वतः या डोंगरावर कधीच आली नव्हती. भावाला खाली आणलं तेव्हाही ती पायथ्याशीच उभी होती. पण आज रागाने तिच्या पायांत बळ आलं होतं. ढोल्या झऱ्यात जाऊन बसला, बाहेर यायलाच तयार होईना. डॉक्टरणीच्या नवऱ्याने त्याला अक्षरशः उचलून काढलं. सगळे हसले. नकाशेबाईही हसली.

माथ्याजवळच्या खडकापाशी डॉक्टरीण थांबली. खडकावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. रड, आता चांगली रड, नकाशेबाई मनात म्हणाली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे ठाक होते.

मग तिने घड्याळ पाहिलं. बारा वाजून दहा मिनिटं. "उतरताना या जवळच्या वाटेने जाऊ."

"नको," डॉक्टरीण पटकन म्हणाली. "आलो तसेच जाऊ. कुत्री आहेत बरोबर."

"कुत्र्यांवर कशाला ढकलतेस? भीती वाटते का?"

डॉक्टरणीच्या नवऱ्याने तोंड उघडलं, पण तिने त्याला हातानेच गप्प केलं. ढोल्याचा पट्टा त्याच्याकडे दिला, भिंगरीचा पट्टा आपल्या मनगटाला दोनदा गुंडाळला. "ठीक आहे. पण मी पुढे चालते."

तोरा बघा, नकाशेबाईला वाटलं.

वाट चांगली रुळलेली होती. गुरांच्या पावलांनी माती दबली होती. पंधरा मिनिटं, अर्धा तास. खाली गावाची छपरं दिसायला लागली. नकाशेबाई मिनिटं मोजत होती आणि आतल्या आत फुलत होती. चाळीसाव्या मिनिटाला झुडपांच्या वळणावर डॉक्टरीण थांबली आणि तिने हात आडवा धरला. भिंगरी पोट जमिनीला टेकवून मागे सरकली.

पुढे वाट नव्हती. पुढे काहीच नव्हतं. सरळ तुटलेला कडा, आणि खूप खाली झाडांचे शेंडे.

नकाशेबाईने नकाशा काढला. वाऱ्यात तो नीट धरता येईना. कागदावर वाट ठिपक्याठिपक्यांनी थेट गावापर्यंत उतरत होती. ते ठिपके तिला आठवले. टेबलाशी बसून, विमानातून काढलेले फोटो बघून तिने ते मांडले होते. या जागी फोटोत ढगाची सावली होती. वर वाट दिसत होती, खाली गाव दिसत होतं. मधली जागा तिने अंदाजाने जोडली होती.

"इथून परत माथ्यावर," डॉक्टरीण म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "आणि मग लांबच्या वाटेने खाली. त्या दिवशी धुक्यात मला सगळे मिळून पाच तास लागले."

 नकाशेबाई तिथेच मातीत बसली.  "चौकशीत का नाही सांगितलंस? माझ्यावर... मी तुला काय काय समजत होते..."

"ठाऊक आहे मला," डॉक्टरीण तिच्याजवळ बसत म्हणाली. "पण तुझा भाऊ गेला होता गं. आणि नकाशाच्या कोपऱ्यात तुझी सही होती."